वळशांचा इतिहास

बेसिक या संगणकभाषेचा इतिहास सांगावयाचा तर १ मे १९६४ च्या पहाटेपासून आरंभ करण्याची वहिवाट आहे. त्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास अमेरिकेतील न्यू हँपशायर राज्यातल्या डार्टमथ कॉलेजात या भाषेतला पहिला प्रोग्रॅम चालला. जॉन केमेनी आणि टॉमस कुर्ट्झ हे गणिताचे दोन प्राध्यापक तिचे जनक. ज्यांचा गणिताशी वा विज्ञानाशी संबंध नाही अशा विद्यार्थ्यांनाही यंत्राशी बोलता यावे, हा त्यांचा हेतू. ही हकीकत पुष्कळांनी पुष्कळदा लिहिली आहे. मला सांगावयाचा आहे तो इतिहास मात्र यानंतर वीस वर्षांनी डॉसवर चालणाऱ्या लहान यंत्रांपुढे बसलेल्या माणसांचा आहे. तो फारसा कोणी लिहिलेला नाही, कारण त्या माणसांनी कसलाही शोध लावला नाही. त्यांनी फक्त वळसे घेतले.

वाटेत झाड आडवे पडले म्हणजे बैलगाडी शेतातून वळसा घालून जाते. चार दिवसांनी झाड उचलले जाते, पण तोवर चाकोरी पडून गेलेली असते आणि पुढची गाडीही तिनेच जाते. वीस वर्षांनी येणाऱ्यास रस्ता तेथे का वाकला आहे हे कळत नाही. बेसिकच्या कंपायलरांभोवती अशा चाकोऱ्या फार पडल्या. झाडे कोणती होती हे सांगणारी माणसे हयात आहेत तोवर ते लिहून ठेवावे, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

ज्यांनी संगणकाला पत्रे लिहिण्यापुरताच हात लावला आहे अशा वाचकांसाठी कंपायलर म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. यंत्राला माणसाची भाषा कळत नाही. तेव्हा मध्ये एक तर दुभाषी उभा करावा लागतो, किंवा साऱ्या मजकुराचे भाषांतर आधीच करून ठेवावे लागते. दुभाषी म्हणजे इंटरप्रीटर. तो दर ओळ त्या त्या वेळी वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि यंत्राकडून ती करवून घेतो. तीच ओळ हजार वेळा आली तर हजार वेळा अर्थ लावतो. कंपायलर हा भाषांतरकार. तो एकदाच सारे भाषांतर करून देतो, आणि मग मूळ पोथी कपाटात गेली तरी चालते. गंमत अशी की डार्टमथची मूळ बेसिक ही कंपायलरच होती! पुढे १९७५ साली बिल गेट्स, पॉल ॲलन आणि माँटी डेव्हिडॉफ यांनी अल्टेअर नावाच्या यंत्रासाठी बेसिक लिहिली ती ४ केबी स्मृतीच्या यंत्रातही बसावी या बेताने, आणि एवढ्या जागेत दुभाषी ठेवणे हाच मार्ग होता. तेव्हापासून लहान यंत्रावरील बेसिक म्हणजे दुभाषी, असे लोक धरूनच चालले. केमेनी आणि कुर्ट्झ यांना हे मुळीच रुचले नाही. १९८५ साली त्यांनी एक पुस्तकच लिहून या नव्या पिढीला 'स्ट्रीट बेसिक', म्हणजे रस्त्यावरची बेसिक, असे नाव ठेवले. त्यांच्या तक्रारीत तथ्य होते. पण घरोघर पोचली ती रस्त्यावरचीच. असो.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्यातील इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर दहा लाखांहून अधिक बाइटांना पत्ते देऊ शकत असे. पण पत्ता मांडण्याच्या त्याच्या चौकटी सोळा बिटांच्या, आणि सोळा बिटांत ६५,५३६ पेक्षा अधिक घरे मोजता येत नाहीत. इंटेलने यावर तोडगा काढला तो स्मृतीत पेठा पाडण्याचा. पेठेचा आकडा निराळा, पेठेतील घराचा आकडा निराळा. एका पेठेत घरे ६५,५३६, म्हणजे ६४ केबी. ज्याला पेठेबाहेर पडावयाचे नाही त्याला घराचा आकडा तेवढा पुरतो आणि त्याचे काम झटपट होते. बाहेर जावयाचे तर दर खेपेस दोन आकडे सांभाळावे लागतात. ही ६४ केबींची पेठ, इंग्रजीत सेगमेंट, म्हणजेच आमच्या वाटेतले झाड.

डॉसबरोबर मिळणारी जीडब्ल्यू-बेसिक ही दुभाषी भाषा एकाच पेठेत नांदत असे. सुरू करताच ती पडद्यावर साठ हजारांच्या आसपास बाइट मोकळे असल्याचे सांगे, आणि यंत्रात ६४० केबी स्मृती घातली तरी हा आकडा वाढत नसे. तेवढ्यातच प्रोग्रॅम, तेवढ्यातच त्याची माहिती. नावे, पत्ते, गावे अशा अक्षरी मजकुराला या भाषेत स्ट्रिंग म्हणतात. प्रत्येक स्ट्रिंगमागे तीन बाइटांची एक चिठ्ठी असे: एका बाइटात मजकुराची लांबी, दोन बाइटांत तो कोठे ठेवला आहे त्या घराचा आकडा. लांबीला एकच बाइट, म्हणून कोणतीही स्ट्रिंग २५५ अक्षरांहून मोठी होऊ शकत नसे. शिवाय नाव बदलले की जुने नाव तेथेच कचऱ्यासारखे पडून राही, आणि जागा संपली म्हणजे बेसिक हातचे काम टाकून झाडलोट करू लागे. ही झाडलोट काही सेकंद, कधी त्याहून बराच वेळ चाले. तेवढ्या वेळात पडदा निश्चल. समोर बसलेल्या कारकुनाची खात्री होई की यंत्र बिघडले, आणि तो सरळ बटण दाबून ते बंद करी. यावरचा वळसा असा की 'फ्रे' नावाचे मोकळी जागा सांगणारे जे फंक्शन होते त्याला रिकामी स्ट्रिंग देऊन मुद्दाम विचारणा करावयाची. उत्तर देण्याआधी ते झाडून घेई. ही विचारणा आम्ही पडद्यावर मुख्य यादी उमटली की लगेच करीत असू. माणूस यादी वाचण्यात गुंतलेला असतो, त्याला उशीर जाणवत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना चहा देऊन त्यांच्यामागून केर काढण्यासारखेच हे होते.

या जाचातून सुटण्यासाठी लोक कंपायलरकडे वळले. आयबीएमच्या नावाने विकला जाणारा, मायक्रोसॉफ्टने केलेला कंपायलर १९८२ सालीच आला होता. पण सामान्यांच्या हाती आला तो १९८५ च्या ऑगस्टमधील क्विकबेसिक. त्याची किंमत होती ९९ डॉलर. १९८७ साली बोरलँडने रॉबर्ट झेल यांचा टर्बो बेसिक बाजारात आणला. तोच पुढे झेल यांच्याकडे परत जाऊन पॉवरबेसिक झाला. १९८८ साली क्विकबेसिकची ४.५ ही आवृत्ती निघाली आणि पुढची काही वर्षे तिचेच राज्य होते. त्याच सुमारास मी पुण्यात या व्यवसायात पडलो. पतसंस्था, किराणा दुकाने, छापखाने, दवाखाने ही आमची गिऱ्हाइके. यंत्र बहुधा एकच, आणि त्यालाही दोन फ्लॉपी. हार्डडिस्क असलेले गिऱ्हाईक श्रीमंत समजले जाई.

कंपायलरने वेग दिला यात शंका नाही. पण दुभाष्याच्या संगतीत लागलेल्या सवयी त्याला महाग पडत. उदाहरणार्थ, प्रोग्रॅम चालता चालता काही चूक घडली तर ती निस्तरून पुन्हा त्याच ओळीपासून पुढे जाण्याची सोय बेसिकमध्ये होती. दुभाष्याला हे सोपे, कारण आपण कोणत्या ओळीवर आहोत हे त्याला ठाऊकच असते. भाषांतर झाल्यावर मात्र ओळी उरत नाहीत. तेव्हा प्रत्येक विधानाचा पत्ता वेगळा टिपून तो तयार प्रोग्रॅमबरोबर वागवावा लागे, आणि प्रोग्रॅम फुगे. म्हणून जाणते लोक ही सोय टाळीत. फाइल डिस्कवर नसताना ती वाचावयास उघडली तर चूक घडते. मग फाइल आहे की नाही हे चुकीवाचून कसे कळावे? वळसा असा: फाइल 'बायनरी' प्रकाराने उघडावयाची. ती नसेल तर बेसिक मुकाट्याने नवी, रिकामी फाइल निर्माण करते. मग तिची लांबी पाहावयाची. शून्य निघाली तर फाइल नव्हतीच असे समजून आत्ताच जन्मलेली ती पुन्हा पुसून टाकावयाची! पाहुणा घरी आहे का हे पाहण्यासाठी त्याला जन्मास घालावे, आणि बोलला नाही तर पुन्हा नाहीसा करावा, असा हा न्याय. खरोखरीच रिकामी पण हवी असलेली एखादी फाइल यात प्राणास मुके, ही गोष्ट वेगळी.

पडद्याचेही असेच. बेसिकची छापण्याची आज्ञा संथ, म्हणून रंगीत पडद्याच्या स्मृतीत थेट 'पोक' करून अक्षरे टाकावयाची: प्रत्येक अक्षरास दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा, सबंध पडद्याचे ४,००० बाइट. आयबीएमच्या मूळ रंगीत कार्डावर असे केले की पडद्यावर पांढरे ठिपके बर्फासारखे उडत. तेव्हा किरण माघारी वळण्याच्या क्षणाची वाट पाहून मगच लिहावे लागे. त्याहून वेग हवा असेल तर प्रोग्रॅममध्ये नुसत्या आकड्यांच्या ओळी भरावयाच्या आणि त्यांना यंत्रभाषा म्हणून चालवावयाचे. अशा आकड्यांचा आरंभ बहुधा ८५, १३९, २३६ असा होई. मासिकांतून हे आकडे उतरून घेणाऱ्या शेकडा नव्वद जणांना त्यांचा अर्थ ठाऊक नसे. वेदपाठशाळेतील मुलासारखे ते नुसते पाठ. पण फळ मिळे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. क्विकबेसिकने प्रोग्रॅमला अनेक पेठा दिल्या, आकड्यांच्या रांगांनाही दूरच्या पेठांत जागा दिली. पण स्ट्रिंगा मात्र एकाच पेठेत ठेवल्या. चिठ्ठी आता चार बाइटांची झाली: दोन लांबीला, दोन पत्त्याला. त्यामुळे एक स्ट्रिंग ३२,७६७ अक्षरांची होऊ शकली, पण पत्ता तसाच दोन बाइटांचा राहिला. दोन बाइटांच्या पत्त्याने पेठ ओलांडता येत नाही! त्याच पेठेत कंपायलरची स्वतःची चीजवस्तू, त्याच पेठेत साधी चले, आणि प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या सूचनांची वाक्येसुद्धा तेथेच. त्या काळचे प्रोग्रॅम माणसाशी इतके तुटक का बोलत याचे एक कारण येथे आहे. 'कृपया' या शब्दालाही जागा लागे.

समजा, पतसंस्थेचे सहा हजार सभासद आहेत आणि त्यांची नावे वर्णानुक्रमे लावावयाची आहेत. नुसत्या चिठ्ठ्याच २४,००० बाइटांच्या, आणि नावे त्याहून कितीतरी अधिक. थोड्याच वेळात पडद्यावर 'आउट ऑफ स्ट्रिंग स्पेस' असा संदेश येई. यावरचा वळसा सुरेख होता. स्ट्रिंगची लांबी आधीच ठरवून टाकली, म्हणजे प्रत्येक नोंद इतक्याच बाइटांची असे जाहीर केले, की चिठ्ठीची गरज उरत नाही, आणि अशा नोंदींची रांग दूरच्या पेठांत राहू शकते. एका पेठेहून मोठी रांग हवी असल्यास कंपायलरला तसे वेगळे सांगण्याची सोय होती. मात्र एक अट होती. रांग १२८ केबींहून मोठी असेल तर एका नोंदीची लांबी दोनाचा घात असली पाहिजे: १६, ३२, ६४. कारण कोणतीही नोंद दोन पेठांच्या सीमेवर अर्धी इकडे, अर्धी तिकडे अशी पडता कामा नये. ३२ ने ६५,५३६ ला निःशेष भाग जातो, ३० ने जात नाही. म्हणून ज्याची नोंद ३० बाइटांची होत होती तो शेवटी दोन रिकामे बाइट जोडून ती ३२ ची करी. हे दोन रिकामे बाइट वाचकांनी ध्यानात ठेवावेत. त्यांचे काम पुढे आहे.

या विद्येचा सर्वांत चांगला ग्रंथ म्हणजे ईथन विनर यांचे १९९१ चे पुस्तक. कंपायलर पोटात काय करतो हे त्यांनी तो उसवून पाहून सांगितले, आणि पुढे पुस्तक सर्वांना मोफत देऊन टाकले. माझ्या मते बेसिकच्या इतिहासात केमेनी आणि कुर्ट्झ यांच्याखालोखाल मान असल्या लोकांचा आहे. कंपायलर विकणारांनी आपली उणीव छापली, पण वळसा छापण्याचे काम दुसऱ्यांनाच करावे लागले.

आमच्या देशातल्या काही अडचणी अमेरिकेत कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या. आकडे स्वल्पविराम देऊन छापण्याची आज्ञा बेसिकमध्ये होती, पण ती दर तीन अंकांनी स्वल्पविराम देई. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट हा आकडा १,२३४,५६७ असा छापून चेअरमनसाहेबांपुढे ठेवला की ते चष्मा काढून पुसू लागत. तेव्हा लाख-कोटींचे स्वल्पविराम देणारा आणि 'अक्षरी रुपये' लिहिणारा प्रोग्रॅमचा तुकडा ज्याने त्याने स्वतः लिहिला. असा तुकडा बहुधा प्रत्येकाच्या फ्लॉपीत असे. तारीखही आधी महिना, मग दिवस अशी उलटी मिळे, ती सुलटी करावी लागे. पैशांचा हिशेब तर फार नाजूक. दहा पैसे म्हणजे रुपयाचा दशांश, आणि दशांश हा यंत्राच्या द्विमान पद्धतीत पूर्णपणे मांडताच येत नाही. साध्या अपूर्णांक-संख्येत सातच अंक भरवशाचे. म्हणून शहाणे लोक सारा हिशेब पैशांत ठेवीत. क्विकबेसिकच्या ४.० आवृत्तीपासून मोठ्या पूर्णांकांची सोय झाली, पण त्यातही २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांच्या पुढे गेले की गाडी थांबे. पतसंस्थेला हे पुरे होते, साखर कारखान्याला नव्हते.

१९८९ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या मोठ्या कंपायलरची ७.० ही आवृत्ती काढली आणि स्ट्रिंगांना पेठेबाहेर राहण्याची मुभा दिली. पैशांसाठी 'करन्सी' हा वेगळा प्रकारही दिला. झाड उचलले गेले. झाले काय, तर लोकांनी यंत्रभाषेत लिहून ठेवलेले तुकडे त्या चार बाइटांच्या चिठ्ठीवर विसंबून होते. चिठ्ठीची मांडणी बदलताच ते भलत्याच जागी जाऊन वाचू लागले. ज्यांनी एकही वळसा घेतला नव्हता ते सुखाने नव्या रस्त्याने गेले. ज्यांनी फार कौशल्याने वळसे घेतले होते त्यांना सारे पुन्हा लिहावे लागले. पुष्कळांनी लिहिलेच नाही. ते जुन्याच कंपायलरवर राहिले. १९९२ साली डॉससाठी व्हिज्युअल बेसिक निघाले, आणि डॉसवरील मायक्रोसॉफ्टच्या बेसिक कंपायलरांची परंपरा तेथेच संपली.

प्रोग्रॅम संपले, फाइली मात्र राहिल्या. हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. डीबेसच्या फाइलीत आरंभी रकान्यांची नावे आणि लांब्या लिहिलेल्या असतात. बेसिकच्या 'रँडम' फाइलीत असले काही नसते. ती मोडी कागदासारखी, शब्द न तोडता एका दमात लिहिलेली. रकाने कोठे पडतात हे फक्त मूळ प्रोग्रॅमला ठाऊक, आणि तो कंपायल केल्यावर पुष्कळदा टाकून दिलेला असे. शिवाय आणखी एक खोच होती. जीडब्ल्यू-बेसिक अपूर्णांक ठेवी ते मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पद्धतीने, क्विकबेसिक ४.० ने जगन्मान्य पद्धत स्वीकारली. जुन्या फाइली वाचता याव्यात म्हणून कंपायलरला एक खूण देण्याची सोय ठेवली होती. ती दिली की तो फाइलीतील आकडे जुन्याच पद्धतीने वाची आणि लिही. सोय उत्तम, पण तिच्यामुळे जुनी पद्धत फाइलींत आणखी कित्येक वर्षे जगली. अशी फाइल आज नव्या पद्धतीने वाचली तर १०० रुपये ऋण होतात, आणि तेही दशांशचिन्हानंतर तेहतीस शून्ये देऊन मग सुरू होणारे. दोन दशांशांपर्यंत छापले तर उणे शून्य.

काही वर्षांपूर्वी अशीच एक फाइल माझ्याकडे आली. एका पतसंस्थेची जुनी खतावणी वाळवीने खाल्ली होती, प्रोग्रॅम कोणाजवळ नव्हता, आणि जुन्या ठेवींचे वारस चौकशी करू लागले होते. फाइलीच्या लांबीला ३२ ने निःशेष भाग गेला तेव्हाच मला अर्धे उत्तर मिळाले. पहिले दोन बाइट सभासद क्रमांकाचे, पुढचे चोवीस रोमन लिपीतील नावाचे, मग चार रकमेचे. रकमा आरंभी साऱ्या उणे शून्यच निघाल्या. पण चौथा बाइट वारंवार १३५, १३७, १३८ असा दिसू लागला, आणि ही जुन्या पद्धतीची खूण आहे: शेवटी १३७ असेल तर रक्कम २५६ रुपयांच्या वर आणि ५१२ च्या आत. तशा वाचल्यावर सगळ्या रकमा जिवंत झाल्या.

राहिले शेवटचे दोन बाइट. ते रिकामे असावयाचे. पण काही नोंदींत तेथे एम आणि वाय अशी दोन रोमन अक्षरे होती. त्यांचा अर्थ मला चार दिवस लागेना. व्याजाचा प्रकार म्हणावा तर रकमांशी मेळ बसेना, गावाची खूण म्हणावी तर गावे भिन्न. शेवटी संस्थेच्या निवृत्त कारकुनांना गाठले. वय ऐंशीच्या घरात. ओटीवर बसून त्यांनी कागद लांब धरून पाहिला.

"अहो साहेब, हे मयत," ते म्हणाले. "माणूस गेला, पण वारस लागला नव्हता, असे. वहीत शेरा असायचा. यंत्रात शेऱ्याला रकानाच नव्हता. तो प्रोग्रॅमवाला मुलगा म्हणाला, काका, शेवटी दोन घरे उगीच मोकळी आहेत, तिथे काय ते लिहा."

त्या नोंदींची वेगळी यादी छापून मी संस्थेला दिली. संस्थेने जुन्या सभासद-अर्जांवरून पत्ते काढून पत्रे पाठवली. काही परत आली, काहींना उत्तरे आली. यादीतली पहिली रक्कम ४१२ रुपये ५० पैसे होती. ती घ्यायला सभासदाची नात आली, आणि तिने व्याज किती झाले ते विचारले. व्याजाचा दर फाइलीत नव्हता. तो प्रोग्रॅममध्ये होता.